लेणी कुणी कोरवली?

(आहुपे येथील भाषणाचा सारांश)





आपला आहुपे घाट कोकणात उतरतो, तसाच जुन्नरचा नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरातला माल त्या वाटेने वर येई. त्या काळी जुन्नरभोवती दीडशेहून अधिक लेणी कोरली गेली. लोक सांगतात, पांडवांनी कोरली. शिलालेख काय सांगतात? लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या सुलसदत्ताचे दान. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप दिला. धान्यविक्यांच्या श्रेणीनेही लेणे दिले. पांडवांचे नाव कुठेच नाही!

लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती आहे. ते मूळचे भिक्खूंचे विहार. हे सांगणे म्हणजे कुणाच्या श्रद्धेचा अपमान नव्हे. पण ते लपवणे हा आपल्या पूर्वजांवर अन्याय आहे.

मात्र बांधवांनो, एक धोका ओळखा. जमिनीखाली काय सापडले यावरून मते मागणारे लोक आहेत. त्यांना हवा तेवढाच एक थर खणायचा असतो. त्याच्या खालचा नको, वरचाही नको. अयोध्येत बाबरी मशीद पाडली ती ६ डिसेंबर १९९२ रोजी, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी. तो मार्ग आपला नाही. १९९१ च्या कायद्याने प्रार्थनास्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ चे स्वरूप राखायचे ठरवले, पण त्यातून अयोध्या वगळली होती. बोधगयेच्या व्यवस्थापन समितीत १९४९ च्या कायद्याने चार बौद्ध आणि चार हिंदू सदस्य ठेवले. तिथला प्रश्न आपण कायदा बदलून सोडवायचा म्हणतो, कुदळ घेऊन नाही.

आणि आपणही खरे बोलले पाहिजे. नाणेघाटातला सातवाहन राणीचा लेख वैदिक यज्ञांची आणि दक्षिणेची यादी देतो. तोही आपण मुलांना दाखवावा. सोयीचा लेख वाचायचा आणि गैरसोयीचा झाकायचा, यालाच तर इतिहासाचे राजकारण म्हणतात.

म्हणून विनंती एवढीच, की प्रत्येक घरातल्या एका तरी मुलाने ब्राह्मी अक्षरे शिकावीत. ज्याला दगडावरचे वाचता येते त्याला कुणी फसवू शकत नाही. बाबासाहेबांनी आधी शिका सांगितले, ते याचसाठी.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!