खिडकीचे माप



बडोदे शहराच्या दक्षिणेस वसलेले तरसाली हे एके काळचे गाव आज शहराचे उपनगर झाले आहे. येथे काय किंवा महाराष्ट्रातील गावांत काय, जुन्या लाकडी खिडक्या काढून त्यांच्या जागी ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसविणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. कारखान्यात तयार झालेली चौकट सुताराच्या चौकटीप्रमाणे जागेवर तासून बसविता येत नाही. म्हणून माप चुकले की खर्च वाया जातो आणि पहिल्याच पावसात भिंतीला ओल येते.

चुकीचे पहिले कारण म्हणजे दोन मापपद्धतींची सरमिसळ. १९५६ च्या कायद्याने दशमान पद्धतीचा पाया घातला गेला; तथापि बोलण्यात फूट, इंच व सूत टिकून राहिले. सहा फूट म्हणजे अठराशे मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब पुष्कळदा केला जातो. वस्तुतः सहा फूट म्हणजे १८२९ मिलिमीटर होत. हे २९ मिलिमीटरचे अंतर पावसाला पुरेसे असते. यास्तव माप एकाच परिमाणात घ्यावे व लिहावे.

मोजण्यापूर्वी जुनी चौकट ठेवावयाची की काढावयाची, हे ठरवावे. ठेवावयाची असल्यास तिच्या आतील माप घ्यावे. काढावयाची असल्यास ती निघून गिलावा दुरुस्त झाल्यानंतरच अखेरचे माप घ्यावे. कारण चौकट काढताना कडा तुटतात.

रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजावी. उंचीही डावीकडे, मध्ये व उजवीकडे मोजावी. समजा, रुंदी १८२९, १८२५ व १८२१ मिलिमीटर भरली, तर सर्वांत लहान आकडा, म्हणजे १८२१, ग्राह्य धरावा. प्रत्येक बाजूस ५ मिलिमीटर फट सोडल्यास चौकटीची रुंदी १८११ येते. ही फट किती ठेवावी, हे बसविणाऱ्या कारागिराशी आधीच ठरवावे. त्यानंतर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे नसल्यास कोपरे काटकोनात नाहीत असे समजून प्रथम गिलावा सुधारून घ्यावा. ओळंबा व पाणसळ यांनी कडा तपासाव्यात. खालच्या कडेस बाहेरच्या बाजूने उतार असावा, म्हणजे पाणी आत वळणार नाही.

कागदावर आधी रुंदी, मग उंची लिहावी. आकडा कारागिरासमक्ष पुन्हा पडताळावा.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दोन झडपांची जुनी खिडकी पूर्ण उघडत असे. दोन तावदानांची सरकती खिडकी निम्मीच उघडते. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र उष्ण व कोरड्या हवामानात खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक-दशांश, तर उष्ण व दमट हवामानात एक-षष्ठांश असावे. माप घेताना भिंतीतील जागेबरोबरच घरातील माणसांना मिळणारा वाराही मोजला पाहिजे.

याच बडोद्यात महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन सुरू झाले आणि हाताच्या कसबास शास्त्राची जोड मिळाली. शिक्षकांनी वर्गाची खिडकी विद्यार्थ्यांकडून मोजून घेतली, तर भूमितीतील कर्ण व काटकोन त्यांना घराच्या उपयोगी पडतील. फितीने घेतलेली दहा मिनिटांची काळजी पुढील अनेक पावसाळे घर कोरडे राखते.