करिंथची पंगत

परदेशचा प्रवास करून आलेला मनुष्य गावी परतला की दोन गोष्टी हटकून करतो. एक, तो सर्वांना छायाचित्रे दाखवतो; आणि दुसरी, तिकडचा एखादा पदार्थ रांधून घरच्यांना खाऊ घालतो. छायाचित्रे पाहणाऱ्यांना जांभया येतात आणि पदार्थ खाणारे चेहरा सावरून 'छान आहे हो' म्हणतात. या दोन्ही अपराधांतून मीही सुटलेली नाही. आज त्यांपैकी दुसऱ्याची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

मी सिल्वासा येथे, म्हणजे जुन्या माणसांच्या तोंडी अजूनही असलेल्या आमलीत, शाळेत शिकवते. शिक्षिकेच्या पगारात परदेशगमन सहज घडत नाही. सहा वर्षे भिशीचे पैसे बाजूला टाकले, तेव्हा कुठे एका दिवाळीच्या सुट्टीत संत पौलाच्या मार्गाने ग्रीस देशी जाणाऱ्या यात्रेकरूंच्या जथ्यात माझे नाव लागले. थेस्सलनीका, फिलिप्पै, बिरुया, अथेन्स ही आजवर पवित्र शास्त्रात वाचलेली नावे प्रत्यक्ष रस्त्यावरच्या पाट्यांवर पाहताना मन भरून आले. शेवटचा मुक्काम होता करिंथचा.

प्राचीन करिंथचे अवशेष आज एका लहानशा खेड्याला लागून आहेत. अपोलोच्या मंदिराचे काही दगडी खांब उभे आहेत आणि समोर जुन्या बाजारपेठेचे चौक पसरले आहेत. तेथे उन्हात बसून आमच्यासोबतच्या फादरांनी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातला अकरावा अध्याय वाचला. त्यात पौलाने त्या मंडळींची चांगलीच कानउघाडणी केली आहे. ती प्रभुभोजनासाठी एकत्र जमत; पण ज्यांच्यापाशी होते ते आपापले आधीच खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत. असे असेल तर तुमचे हे एकत्र येणे कशाचे, असा त्या कानउघाडणीचा मथितार्थ. आपल्या मराठीत याला नेमका शब्द आहे : पंक्तिप्रपंच. मी ते ऐकले, मान डोलावली आणि इतरांसारखीच छायाचित्रे काढू लागले. दुसऱ्याचे दोष वाचताना मान सहज डोलते.

त्याच दुपारी आमची बस बंद पडली. दुरुस्तीला तीन तास लागतील असे कळले. जवळच जैतुनाची बाग होती. झाडांखाली जाळ्या अंथरून फळे झोडपण्याचे काम चालले होते. तिकडे तो हंगाम आपल्या दिवाळीच्या सुमारासच सुरू होतो. बागेच्या मालकीणबाई सत्तरीच्या असाव्यात. आम्हां चौघीजणींना रस्त्याकडेला उभे पाहून त्यांनी हातानेच बोलावले. त्यांना आमची भाषा येईना, आम्हांला त्यांची. मात्र अंगणातल्या लांब मेजाकडे त्यांनी बोट दाखवले, तेव्हा दुभाष्याची गरज उरली नाही.

जेवण साधेच होते. भाजलेल्या वांग्याचा गोळा, काकडी घातलेले घट्ट दही, टोमॅटो, कांदा व खारे पनीर यांची कोशिंबीर, कोबीच्या पानांत भाताचे सारण भरून केलेल्या गुंडाळ्या आणि पाव. सगळ्यांवर हिरवट तेलाची धार. परंतु माझे लक्ष जेवणाऱ्यांकडे गेले. जैतून झोडपणारे मजूर आल्बेनियातून आलेले होते. हातपाय धुऊन ते आले आणि त्याच मेजाशी बसले. भांडी तीच, पाव तोच. मालकीणबाईंनी पहिल्यांदा त्यांना वाढले, मग आम्हांला, शेवटी स्वतःला. ग्रीक भाषेत 'झेनोस' या एकाच शब्दाचा अर्थ परका असाही होतो आणि पाहुणा असाही. आतिथ्याला ते 'फिलोझेनिया' म्हणतात, म्हणजे परक्यावरील प्रेम. शब्दकोशातला हा अर्थ मला त्या मेजावर समजला.

समजला, आणि घास घशात अडकला. कारण त्या क्षणी मला आमच्या घरचा ओटा आठवला.

श्रोतेहो, आमच्या घरी बारा वर्षांपासून एक वारली बाई कामाला येते. माझी दोन्ही मुले तिच्या कडेवर वाढली. आम्ही सारे तिला मावशी म्हणतो. ती मला 'बाई' म्हणते, जसे शाळेतली मुले म्हणतात. दुपारचे जेवण ती आमच्याकडेच करते. पण मागच्या ओट्यावर, वेगळ्या ठेवलेल्या ताटलीत. कोणी तिला तसे बसायला सांगितले, असे मला आठवत नाही. कोणी आत बोलावले, असेही आठवत नाही. मी शाळेत समतेवर निबंध लिहून घेते, चांगल्या निबंधाला दहापैकी नऊ गुण देते आणि घरी येऊन त्या ताटलीत भात वाढते. मावशी म्हणावयाचे आणि ताट निराळे ठेवावयाचे, याला करिंथकरांपेक्षा वेगळे नाव कोणते द्यावे?

परत आल्यावर नाताळ झाला आणि जानेवारीतल्या एका रविवारी मी ग्रीक जेवणाचा घाट घातला. सामानाची यादी करू लागले, तेव्हा गंमत लक्षात आली. ज्या पदार्थांना मी परदेशी म्हणत होते, त्यांतले पुष्कळसे आमच्याच दाराशी होते. त्यांचे घट्ट दही म्हणजे आपला फडक्यात टांगलेला चक्का. त्यांचे 'फेटा' नावाचे पनीर मेंढीच्या दुधाचे, कधी त्यात थोडे शेळीचे दूध मिसळलेले, आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेले. 2002 पासून युरोपात हे नाव ग्रीसबाहेरच्या पनीराला लावता येत नाही. त्याच्या जागी मी सुरती पनीर वापरले. तेही मऊ, खारट आणि निवळीत ठेवलेले. ओरेगॅनोऐवजी कुंडीतल्या पानओव्याची चार पाने चिरून घातली. दोहोंचा वास एका घराण्याचा. तेलाची बाटली तेवढी मी तिकडून कपड्यांत गुंडाळून आणली होती.

वांगी भाजण्याचे काम मावशीने आपणहून घेतले. गॅसवर वांगे नुसते करपते, असे तिचे मत. तिने मागच्या अंगणात निखारे केले, वांगी त्यांत पुरली आणि साल काळी होऊन देठापर्यंत गर मऊ झाल्यावरच बाहेर काढली. त्यात ठेचलेला लसूण, लिंबू, मीठ आणि जैतुनाचे तेल एवढेच घातले. चक्क्यात काकडी घालताना मात्र ती किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यावी लागते. नाहीतर पाणी सुटून सारे पातळ होते.

फजिती झाली ती कोबीच्या गुंडाळ्यांवरच्या अंडे-लिंबाच्या रश्शाची. फेटलेल्या अंड्यात लिंबाचा रस घालून ते मी सरळ उकळत्या पातेल्यात ओतले आणि क्षणात त्याचे फुटके फुटके तुकडे झाले. दुसऱ्या खेपेस उलट केले. गुंडाळ्या शिजवलेले गरम पाणी एकेक पळी अंड्यात घालत गेले, सतत ढवळत राहिले, मग ते मिश्रण पातेल्यात परतवले आणि विस्तव बंद केला. रस्सा दाट, पिवळसर उतरला. परक्या गोष्टी एकमेकींत मिसळावयाच्या तर ऊब हळूहळू द्यावी लागते, एवढे त्या पातेल्याने मला शिकवले.

माझा मुलगा हे सारे पाहत होता. तो म्हणाला, "आई, यात ग्रीक काय आहे? हे भरीत, ही कोशिंबीर!" मी शिक्षिकाच, संधी कशी सोडणार? मी त्याला सांगितले, इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक सागरी मार्गदर्शक पुस्तक आहे. त्यात भडोच, सोपारा, कल्याण या आपल्या बंदरांची नावे आहेत. आपल्या किनाऱ्याकडून गहू, तांदूळ, तूप आणि तिळाचे तेल परदेशी जात असे, हेही त्यात लिहिले आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी दान दिलेले खांब आहेत आणि त्यांवर तसे लेख कोरलेले आहेत. यवन म्हणजे ग्रीक, किंवा पश्चिमेकडून आलेले परके. त्या परक्यांचे दान आपल्या पूर्वजांनी लेण्यात सामावून घेतले. उलट, आपली म्हणून मिरवणारी मिरची अमेरिकेतली. ती पोर्तुगीजांनी येथे आणली. त्यांचे राज्य आमलीतून 2 ऑगस्ट 1954 रोजी गेले. मिरची राहिली, आणि पावही.

मुलगा म्हणाला, "म्हणजे मिरची आत आली, आणि मावशी बाहेर?"

मी त्याला काही शिकवले नव्हते. त्याने पाहिले होते, इतकेच.

सायंकाळी मी सहा ताटे मांडली. सासूबाईंनी मोजली. "मावशीचे ओट्यावरच दे ना, नेहमीसारखे. तिलाच अवघडेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, जन्मभराची सवय होती. मावशीही दारातूनच म्हणाली, "मी इथंच बरी, बाई." क्षणभर मला वाटले, सुटले! तिचीच इच्छा नाही, तर मी तरी काय करणार? असे पुष्कळदा आपण सुटतो. मग मी तिला आग्रह न करता खरे ते सांगितले : "मावशी, बारा वर्षे मी तुला बोलावले नाही, ही माझी चूक झाली. आज बोलावते आहे." ती बराच वेळ उभी राहिली. धाकटीने तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवले. आम्ही जेवणापूर्वीची प्रार्थना म्हटली. मावशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती.

जेवताना कोणी फारसे बोलेना. अखेर धाकटीने विचारले, "मावशी, आवडले का?" तिने वांग्याचा घास सावकाश चघळला आणि म्हणाली, "वांगं बेस आहे. पण मिरची इसरलात."

पहिल्यांदा हसल्या त्या सासूबाई. त्यांनाही तेच म्हणावयाचे होते, पण सुनेच्या प्रवासाचा मान राखून त्या गप्प होत्या. लसूण-मिरचीची चटणी आली आणि ग्रीक भरताचे आमलीतले भरीत झाले.

एका जेवणाने सारे बदलले, असे सांगून मी आपली फसवणूक करणार नाही. दुसऱ्या दिवशी चहाचा पेला घेऊन मावशी पुन्हा ओट्यावर गेली. बारा वर्षांचे अंतर एका संध्याकाळी ओलांडावे, अशी अपेक्षा मी तिच्याकडून कोणत्या तोंडाने करावी? आजही कधी ती आत बसते, कधी बसत नाही. वेगळी ताटली मात्र मी काढून टाकली आहे, आणि मेजावर तिचे ताट रोज मांडलेले असते.

श्रोतेहो, प्रवासाहून आपण तेल आणतो, मसाला आणतो, कृती आणतो. तेलाची बाटली माझी केव्हाच संपली. ते मेज तेवढे मला जपून ठेवावयाचे आहे.