कोपरावरचे ठिगळ



टबीथाने विधवांसाठी शिवलेली वस्त्रे आपल्याला ठाऊक आहेत. आपण वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वेटर विणतो. सातपुड्यातल्या थंडीत तोच स्वेटर थोरल्याकडून धाकट्याकडे जातो. पण तोवर कोपरे फाटतात. कोपर टेकूनच अभ्यास करतात, त्यांना काय बोलणार!

यंदा कोपरांवर आधीच जाड सुती कापड लावू. ते प्रथम धुवा, नाहीतर नंतर आटून वीण गोळा करील. बाहीत वर्तमानपत्राची गुंडाळी घालून, वीण किंचित ताणून टाचा. वीण ताणते, कापड ताणत नाही. म्हणून दोरा ओढू नका. खांद्याच्या शिवणीत आतून अरुंद सुती पट्टी घाला, खांदे ओघळणार नाहीत. मनगटाला मात्र कापड नको. हात शिरणार नाही.