फुंकणी आणि क्लॅरिनेट

इथल्या एग्मोर स्टेशनातून तंजावरला गाड्या सुटतात. तंजावरच्या सरफोजीराजांच्या (कारकीर्द १७९८ ते १८३२) दरबारात पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. पुढे तंजावरच्या नृत्यसाथीतून क्लॅरिनेट कर्नाटक संगीतात रुजलं, असं मानतात. ए. के. सी. नटराजन यांनी तर ते मैफलीचं मुख्य वाद्य केलं. एग्मोरमध्ये भाड्याच्या खोलीत राहून मी तेच वाद्य शिकलो, आणि एकदा सोडूनही दिलं.

कारण माझा गळा. शिकवणारे म्हणायचे, ‘जोर लाव.’ मी गळ्याने जोर लावायचो. दहा मिनिटांत मानेच्या शिरा फुगायच्या, सुरामागे घशातून बारीक घरघर यायची आणि रात्री आवाज बसायचा. ‘गळा सैल सोड’ असंही सांगून झालं, पण सुटेना.

मग सुट्टीत गावी आजीला चूल पेटवताना पाहिलं. तोंडाला फुंकणी, मान सैल, खांदे खाली, पोट सावकाश आत जातंय. विस्तव फुलला, आजीला साधी धाप लागली नाही.

श्वास घेताना श्वासपटल खाली उतरतं, पोट पुढे येतं, फासळ्या रुंदावतात. वाजवताना पोटाच्या आणि फासळ्यांच्या स्नायूंनी ती हवा मोजून सोडायची, यालाच आपण श्वासाचा आधार म्हणतो. तो नसला की हवा आवरायचं काम स्वरतंतूंवर पडतं आणि गळा आवळतो. म्हणून गळ्याला नुसतं दटावून उपयोग नाही. त्याच्यावर पडलेलं काम खाली पोटाकडे द्या, तो आपोआप सुटतो.

तीन गोष्टी करून बघा. पहिली, श्वास आवाज न करता घ्या. आवाज आला तर गळा आधीच अरुंद झालाय. दुसरी, चष्म्याची काच पुसताना करतो तसं ‘हाऽ’ करा. हाच मोकळा गळा. तो तसाच ठेवून वीस सेकंद ‘स्स्स’ सोडा. मान ताठली की थांबा, आकडा गाठायची शर्यत नको. तिसरी, आरशासमोर मधल्या सप्तकातला एकच सूर हळू वाजवा आणि नजर मानेवर ठेवा.

वाद्यागणिक थोडा फरक पडतो. बासरीत हवा लवकर संपते. ओबोत उलट ती उरते, म्हणून नवा श्वास घेण्याआधी शिळी हवा सोडावी लागते. क्लॅरिनेटवाल्यांनी रीडही तपासावी. फार कडक रीडशी झुंजताना गळा हमखास आवळतो. आणि दोन-तीन आठवडे आवाज बसलेलाच राहिला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

मला गळा मोकळा व्हायला सहा महिने लागले. त्यातला पहिला महिना मी जवळपास फक्त ‘हाऽ’ आणि ‘स्स्स’ केलं. तेव्हा आज घरी गेल्यावर पहिली पाच मिनिटं वाद्य पेटीतच राहू द्या. आधी श्वास, मग सूर.