साहेब, तो वन झिरो झिरो म्हणाला



ओळख करून देताना आत्ता मला 'विमानं चालवणारे' म्हटलं गेलं. ते आधी दुरुस्त करतो. मी आयुष्यात एकही विमान चालवलं नाही. कानाला हेडफोन लावून खुर्चीत बसायचो आणि चालवणाऱ्यांना सांगायचो की इतक्या उंचीवर राहा, इकडून या, पुढचा उतरेपर्यंत घिरट्या घाला. एअर ट्रॅफिक कंट्रोलर. नातेवाइकांना हे समजावून मी दमलो. शेवटी आईनेच गावात सांगून टाकलं, "तो विमानांचा ट्रॅफिक पोलीस आहे." माझ्या व्याख्येपेक्षा तिची बरी होती.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, १९७४ साली नागरी विमान खात्यात लागलो. प्रशिक्षण अलाहाबादला, बमरौलीच्या केंद्रात. तिथून पोस्टिंग.

आज तुम्ही सिनेमात बघता तो पडदा, त्यावर सरकणारं विमान, शेजारी त्याचं नाव आणि उंची, हे आमच्याकडे बहुतेक आकाशापुरतं नव्हतंच. आमच्याकडे कागदाची पट्टी होती. एका विमानाची एक पट्टी, खाचेत बसवलेली. त्यावर विमानाचा नंबर, मार्ग, उंची आणि वेळा. पायलट ठरलेल्या ठिकाणावरून रेडिओवर सांगायचा, मी इथे आहे, इतक्या वाजता पुढच्या ठिकाणी पोचेन. आम्ही ते लिहायचो. एकाच मार्गावर, एकाच उंचीवर दोन विमानं असतील तर मध्ये दहा मिनिटं हवीत. नाहीतर एकाला हजार फूट वर किंवा खाली ठेवायचं, आणि फार उंचावर दोन हजार. सगळं आकाश कुठे होतं म्हणाल तर त्या पट्ट्यांवर आणि आमच्या डोक्यात.

आणि अरबी समुद्रावर तर आवाजाचाच भरवसा. किनारा सुटला की साधा रेडिओ पोचत नाही, मग एचएफ. त्याची खरखर ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगता येणार नाही. पावसाळ्यात वीज कडाडली की अर्धं वाक्य गेलंच. एखाद्या विमानाची ठरलेली वेळ टळून पाच मिनिटं झाली की खोलीतलं बोलणं आपोआप कमी व्हायचं. मग कराची किंवा मस्कतला विचारायचं, तुमच्याकडे काही ऐकू आलं का? देशांमध्ये काहीही चालू असो, पलीकडचा माणूस विमानाचं नीट सांगायचा.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं आणि तिथली आपली माणसं अम्मानमार्गे मुंबईला यायला लागली. दोन महिन्यांत जवळजवळ पाचशे फेऱ्या, लाखाहून जास्त माणसं. माझ्या खेडच्या मामीचा मुलगा त्यात होता. कोणत्या विमानात, कोणालाच माहीत नाही. पट्टीवर माणसांची नावं नसतात. मामी रोज शेजारच्यांच्या फोनवरून विचारायची, "तुला तर सगळी विमानं ठाऊक असतात, मग हा कुठे आहे?" मी काय सांगणार? अम्मानहून येणारी प्रत्येक पट्टी त्याचीच समजून हाताळली. तो आला, आणि मला चार दिवसांनी कळलं.

पण आज मला बोलायचंय ते एका वेगळ्या रात्रीबद्दल.

आमच्या कामात एक नियम आहे. मी सूचना दिली की पायलटने ती जशीच्या तशी परत म्हणायची. रीडबॅक. लोकांना वाटतं, त्याने म्हटलं म्हणजे काम झालं. पण खरं काम पुढे आहे. तो काय म्हणाला ते मी कान देऊन ऐकायचं. आणि इथेच माणूस फसतो, कारण आपल्याला जे ऐकायची खात्री असते तेच ऐकू येतं. डोळ्यांचंही तेच. २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या चिमुकल्या धावपट्टीवर उतरलं. माझ्या भरतीच्या दोनच वर्षं आधीची गोष्ट, सीनियर लोक रंगवून सांगायचे. सुदैवाने कोणी दगावलं नाही. आम्ही पोरं हसायचो. धावपट्टी ओळखता येत नाही म्हणजे काय!

मग माझी पाळी आली. ऐंशीच्या दशकाची सुरुवात, एक विमानतळ, नाव नको. पहाटेचे तीन. दहा हजार फुटांवर एक विमान मार्ग छेदून चाललेलं, दुसरं वरून खाली येतंय. मी त्याला अकरा हजारांपर्यंत उतरायला सांगितलं. आमच्या भाषेत वन वन झिरो. तो परत म्हणाला. मी 'रॉजर' म्हटलं आणि पट्टीवर ११० लिहिलं.

शेजारी एरोड्रोम असिस्टंट बसायचे. पट्ट्या लिहिणं, फोन घेणं हे त्यांचं काम. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, हुद्द्याने खाली. स्पीकर चालू होता. ते हळूच म्हणाले, "साहेब, तो वन झिरो झिरो म्हणाला."

मी म्हटलं, "नाही हो, बरोबर म्हणाला."

ते गप्प बसू शकले असते. साहेबाने नाही म्हटलंय. पण ते खुर्चीतून उठले आणि माझ्या पट्टीवर बोट ठेवलं. "साहेब, पुन्हा विचारा."

मी विचारलं. तो दहा हजारांकडेच निघाला होता, साडेअकरा ओलांडून. तिथेच थांबवला. पुढची दोन-तीन मिनिटं काय झालं ते मला आठवत नाही. त्यांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला, तेवढं आठवतं.

पुढे बऱ्याच ठिकाणी दहा हजारांच्या त्या पातळीला 'वन हंड्रेड' म्हणायला लागले, वन वन झिरोशी गोंधळ होऊ नये म्हणून. म्हणजे मी काही एकटा नव्हतो.

१२ नोव्हेंबर १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं आदळली, ३४९ माणसं गेली. त्या वेळच्या दिल्लीच्या रडारवर विमान कुठे आहे ते दिसायचं, किती उंचीवर आहे ते नाही. उतरणाऱ्या कझाक विमानाला कंट्रोलरने पंधरा हजार फूट दिले होते. समोरून सौदी विमान येतंय हेही सांगितलं होतं, पलीकडून होकारही आला होता. तरी ते चौदा हजारांवर उतरलं, जिथे सौदी विमान होतं. चौकशीत कंट्रोलरची चूक नाही असं ठरलं. त्यानंतर दिल्लीला येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, टक्कर टाळणारं यंत्र विमानात सक्तीचं झालं. ती बातमी ऐकली तेव्हा मी घरी जेवत होतो. माझी चूक होती, आणि माझ्याकडे ३४९ ऐवजी शून्य होतं. ताट बाजूला सारलं.

आता जे सांगायला आलो ते. त्या पहाटे ड्युटी संपताना मी लॉगबुकात काही लिहिलं नाही. लिहिलं असतं तर चौकशी, कदाचित खुर्ची गेली असती. ते मला म्हणाले नाहीत की लिहा. नका लिहू, असंही म्हणाले नाहीत. फक्त पेन माझ्यापुढे सरकवून बस पकडायला गेले. काही वर्षांनी त्याच हुद्द्यावर निवृत्त झाले. निरोप समारंभात मी चार शब्द बोललो: मनमिळाऊ, वेळेवर येणारे. त्यांच्यामुळे दोन विमानांतली माणसं घरी पोचली, हे मी तिथे म्हटलं नाही. समोर त्यांची बायको आणि मुलगा बसले होते.

ते आता नाहीत. मुलाचा पत्ता मला गेल्या महिन्यात मिळाला. हे सगळं पत्रात लिहून पाठवलंय. उत्तराची वाट पाहतोय.