मोठा कोण?

(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



आजच्या मंगल प्रसंगी एका प्राथमिक शिक्षकाला आपण बोलावलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. विद्वत्तेचे सांगण्यासारखे मजजवळ काही नाही. वर्गात घडलेली एक हकीकत तेवढी सांगतो.

काही वर्षांपूर्वी दुसरीच्या वर्गात मी विचारले, "मुलांनो, तुमचे वडील कोण आहेत?" एकेक जण उठून सांगू लागला. कुणाचे वकील, कुणाचे कारकून, कुणाचे किराणा दुकान. मी प्रत्येकाला "शाबास" म्हणत होतो. वकिलाच्या मुलाला जरा मोठ्याने. शेवटच्या बाकावरचा मुलगा उठला व म्हणाला, "गुरुजी, माझे बाबा कोणी नाहीत."

मला वाटले, पोरका असेल. मागाहून कळले की, वडील आपल्या बेळगावच्या रविवार पेठेत हमाली करतात.

सात वर्षांच्या मुलाला हे कोणी शिकवले? दूर शोधायला नको. माझ्या त्या लहानमोठ्या शाबासकीनेही शिकवले.

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न बदलला. "उद्या कोण आले नाही, तर आपले अडेल?" भराभर हात वर झाले. दूधवाले, झाडणाऱ्या मावशी, रिक्षावाले काका. मी म्हटले, "आणि पेठेतले हमाल?" दुकानदाराचा मुलगा म्हणाला, "मग पोती गाडीतच राहतील. दुकान उघडून काय करायचे?" शेवटच्या बाकावरचा मुलगा सरळ बसला.

धडा साधला असे वाटते तोच एका मुलीने विचारले, "गुरुजी, आमची आजी अंथरुणावर असते. तिच्यावाचून काहीच अडत नाही. ती मोठी नाही का?" मी निरुत्तर झालो. मग तीच म्हणाली, "पण मी घरी गेले की ती माझा हात धरते."

तेव्हा मी सावित्रीबाई फुले यांची गोष्ट सांगितली. १८९७ साली पुण्याकडे प्लेग असता, एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्चला त्या गेल्या. मुलांनी विचारले, "तो त्यांचा मुलगा होता का?" नव्हता. त्या मुलाचा कोणाला काय उपयोग होता? काही नाही. त्यांनी त्याला आपला मानले, एवढेच.

तात्पर्य, माणूस कामाने मोठा होतो, आणि कोणीतरी आपले मानले म्हणूनही होतो. हे मुले पुस्तकातून थोडे आणि आपल्या वागण्यातून फार शिकतात.

म्हणून एक नम्र विनंती. आपला ट्रस्ट दरवर्षी गरजू मुलांना वह्या देतो; माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचे शिक्षण त्यावर निभावले आहे. परंतु त्यांना नावे पुकारून व्यासपीठावर बोलावतात, फोटो निघतो. त्या क्षणी मूल शिकते की देणारा मोठा, आणि आपण कोणी नाही. पुढील वर्षी त्या वह्या शाळेत मुकाट्याने पोहोचाव्यात. देणाऱ्याचे पुण्य कमी होणार नाही. आमच्या धर्मात उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये असे सांगितले आहे. आपल्याकडेही गुप्तदानाचा महिमा आहेच.

मग एखादा मुलगा वर्गात उठून, "माझे बाबा हमाल आहेत," असे ताठ मानेने सांगेल. आपल्या महोत्सवाचे ते खरे फळ होईल.