जलपर्णीचें चामडें
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या या मंगल दिवसांत संतांचीं चरित्रें आणि पूर्वजांचा त्याग यांविषयीं बोलणारे अधिकारी वक्ते आपणांस लाभले आहेत. आमच्या वांट्यास जो विषय आला तो ऐकून कित्येकांस हंसूं आलें असेल. पाण्यांतील तणापासून चामडें करण्याची गोष्ट देवळाच्या उत्सवांत कशाला, असें आम्हांसही प्रथम वाटलें होतें. परंतु देवळामागच्या बावखलाकडे एकवार दृष्टि टाकल्यावर तो प्रश्न उरला नाहीं. जेथें आपल्या आजोबांचे रहाट फिरत आणि केळीच्या व पानवेलीच्या वाड्यांस पाणी मिळे, तेथें आज पाणी डोळ्यांस दिसत नाहीं. हिरव्या पानांची सतरंजी आणि तिच्यावर जांभळीं फुलें, एवढेंच काय तें दिसतें.

ही जलपर्णी आपल्या भूमीची लेक नव्हे. तिचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील अ‍ॅमेझॉन नदीचें खोरें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या फुलांच्या सौंदर्यास भुलून लोकांनीं तिला देशोदेशींच्या बागांत नेलें आणि बागेंतून ती नद्यांत गेली. तिच्या देठांत हवेनें भरलेला स्पंजासारखा गाभा असतो, म्हणून ती बुडत नाहीं. मूळ रोपाला आडवे धुमारे फुटून त्यांच्या टोकांस नवीं रोपें येतात. अनुकूल पाण्यांत तिची संख्या सुमारें पंधरवड्यांत दुप्पट होते. हा वेग सहा महिने टिकला तर एका रोपाचीं चार हजारांहून अधिक रोपें होतील! शिवाय तिचें बीं गाळांत वीस वर्षांपर्यंत जिवंत राहूं शकतें. बंगालमध्यें तिनें भातशेतें आणि जलमार्ग असे गिळले कीं, १९३६ सालीं तेथील सरकारास केवळ तिच्या निर्मूलनासाठीं कायदा करावा लागला आणि १९३७ च्या निवडणुकींत राजकीय पक्षांनीं तिच्यापासून मुक्ति देण्याचीं वचनें दिलीं. कायदा झाला, वचनें झालीं. जलपर्णी मात्र राहिली. आपल्या महाराष्ट्रांत पवना, मुळा-मुठा, पंचगंगा या नद्यांच्या कांठीं राहणाऱ्यांस तिची ओळख करून देण्याची गरज नाहीं.

अशा या शत्रूचा कांहीं उपयोग करतां येईल काय? मनुष्याच्या बुद्धीनें येथें हार मानलेली नाहीं. बांगलादेशच्या दक्षिण भागांतील शेतकरी जलपर्णीचे थर रचून तरंगते वाफे करतात आणि पुराच्या दिवसांतही त्यांवर भाजी पिकवितात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेनें २०१५ सालीं या परंपरेस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आसामांत गुवाहाटीजवळ दीपोर बील नांवाचें सरोवर आहे. त्याच्या कांठच्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील सहा तरुणींनीं याच वनस्पतीपासून योगासनांची चटई सिद्ध केली व ती २०२१ सालीं लोकांपुढें आली. याच मार्गावरचें पुढचें पाऊल म्हणजे तिच्या तंतूंपासून चामड्यासारखें कापड.

येथें चामडें म्हणजे काय, हें समजून घेतलें पाहिजे. जनावराचें कातडें कोलॅजेन नांवाच्या प्रथिनाच्या तंतूंचें असतें आणि त्या तंतूंची वीण निसर्गानेंच उभी, आडवी व खोल अशी घातलेली असते. चर्मकार ती वीण नव्यानें घालीत नाहीं. ती कुजूं नये म्हणून कातडें कमावतो. आपल्याकडे बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावण्याची जुनी रीत आहे. कोल्हापुरी वहाण त्या रीतीची. आज मोठ्या कारखान्यांत बहुतेक कातडें क्रोमियमच्या क्षारांनीं कमावतात आणि तें सांडपाणी नीट शुद्ध केलें नाहीं तर नदी नासते. जलपर्णीचा तंतु मात्र सेल्युलोजचा, म्हणजे कागदाच्या व कापसाच्या जातीचा. त्याचा लगदा पसरून वाळविला तर फार तर जाड कागद होतो. त्याला लवचिकपणा यावा म्हणून ग्लिसरीनसारखा पदार्थ, तंतु धरून ठेवावेत म्हणून चिकट द्रव्य, फाटूं नये म्हणून पाठीस कापड आणि पाणी लागूं नये म्हणून वरून लेप, इतकीं साधनें लागतात. कातड्यांत जें निसर्गानें केलें तें येथें मनुष्यास करावें लागतें.

हें ऐकून समाधान न झाल्यानें, धर्मग्रामांतील युवकांस हाताशीं घेऊन आम्हीं गेल्या उन्हाळ्यांत स्वतः प्रयोग केला. बावखलांतून चाळीस किलो जलपर्णी काढली. मुळें व पानें वेगळीं केलीं, देठ उभे चिरून कडक उन्हांत घातले. वाळल्यावर ते दीड किलोही भरले नाहींत! त्याचें आश्चर्य नको, कारण या वनस्पतींत शेंकडा नव्वदांहून अधिक भाग पाण्याचाच असतो. ते देठ धुण्याच्या सोड्यांत दोन तास उकळले, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुतले आणि उखळांत कुटून लगदा केला. त्यांत मक्याचें पीठ शिजवून घातलें, ग्लिसरीन मिसळलें आणि पातळ सुती कापडावर थापून तो चौकटीवर ताणून वाळविला. तिसऱ्या दिवशीं तपकिरी रंगाचा जो तुकडा हातीं आला तो पाहून सर्वांस मोठा हर्ष झाला. स्पर्श थेट चामड्याचा. आमच्यापैकीं एकानें लगेच त्याचें आपल्या प्रार्थना-पुस्तकास वेष्टन शिवलें.

पुढें पाऊस सुरू झाला. १५ ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणास तें पुस्तक देवळांत आलें तेव्हां वेष्टन फुगलें होतें आणि त्यावर हिरवी बुरशी चढली होती. पिठास पाणी प्रिय आणि बुरशीस पीठ प्रिय, हा धडा आम्हीं त्या दिवशीं शिकलों. पुढच्या खेपेस पिठाऐवजीं रबराचा चीक वापरला. कापड टिकलें, पण तें ताठर झालें आणि चीक टिकविण्यासाठीं त्यांत घातलेल्या अमोनियाचा वास कित्येक दिवस जाईना.

आमच्या फजितीची ही कथा सांगण्याचें कारण असें कीं, या धंद्यांतील खरी अडचण तिच्यांत दिसते. वनस्पतीचें चामडें पाण्यांत टिकवायचें तर बहुधा खनिज तेलापासून केलेल्या कृत्रिम राळेचा आश्रय घ्यावा लागतो. कार्मेन हिहोसा या स्पॅनिश बाईंनीं फिलिपाईन्समधील अननसाच्या पानांच्या तंतूंपासून उत्तम चर्मवत् कापड केलें, त्यावरही असा लेप लागला. यांत गुन्हा नाहीं. गुन्हा लपविण्यांत आहे. निम्में प्लॅस्टिक असलेली वस्तु ‘शुद्ध वनस्पतीची’ म्हणून विकणें म्हणजे आठव्या आज्ञेचा भंग होय, मग ती आज्ञा साक्षीच्या पिंजऱ्यांत मोडा कीं दुकानाच्या फळीवर मोडा. इटली देशानें २०२० सालीं तर असा नियम केला कीं, जनावराच्या कातड्यापासून न झालेली वस्तु चामडें या नांवानें विकूं नये.

दुसरी गोष्ट चर्मकार बंधूंची. नव्या चामड्याचे कांहीं भक्त जुन्या चामड्याची निंदा करतां करतां तें कमावणाऱ्या हातांचीही निंदा करूं लागतात. आपण ख्रिस्ती लोकांनीं त्यांत सामील होऊं नये. यापो नगरांत संत पेत्र पुष्कळ दिवस ज्याच्या घरीं उतरला तो शिमोन चर्मकार होता. त्याचें घर समुद्राकांठीं होतें. यहुदी लोक त्या धंद्यास हलका मानीत. त्याच घराच्या धाब्यावर पेत्रास असें दर्शन झालें कीं, देवानें जें शुद्ध केलें तें मनुष्यानें अशुद्ध म्हणूं नये. म्हणून जलपर्णीचें कापड उद्यां खरोखर चांगलें निघालें, तर तें कापणारा, शिवणारा पहिला हात चर्मकाराचा असावा. कारण ती विद्या त्याची आहे. आणि छातीइतक्या पाण्यांत उभ्या राहून तण काढणाऱ्या मजूर बायांस पुरती मजुरी मिळाल्यावांचून त्या कापडास पुण्याचें काम म्हणतां येणार नाहीं.

आतां मुख्य मुद्दा. जलपर्णी आमच्या बावखलांत कां माजली? ती स्वच्छ पाण्यांत अशी माजत नाहीं. आपल्या घरांचें सांडपाणी, शौचकुंडांचा पाझर, साबणाचा फेस आणि वाडींतील खतांचा निचरा यांतील नत्र व स्फुरद हें तिचें अन्न आहे. तें अन्न आपणच रोज तिच्या ताटांत वाढतों. मग पानांखालीं सूर्यप्रकाश पोंचत नाहीं, पाण्यांतील प्राणवायु कमी होतो, मासे गुदमरतात आणि डांस वाढतात. आम्हीं चाळीस किलो काढलेली जागा महिन्याभरांत पूर्ववत् हिरवी झाली, तेव्हां आमचे डोळे उघडले. मुळाशीं अन्न चालू ठेवून वरचें तण काढणें म्हणजे पाप चालू ठेवून दर आठवड्यास कबुलीजबाब देणें होय!

येथेंच या धंद्याचा एक सूक्ष्म मोह आहे. ज्याचा कारखाना जलपर्णीवर चालतो त्यास नदी घाण राहण्यांत लाभ दिसूं लागेल. आमच्या मतें जलपर्णीच्या चामड्याची खरी कसोटी हीच कीं, तें करणाऱ्यास आपला कच्चा माल एक दिवस संपावा अशी मनापासून इच्छा असावी. कापड हें साधन, स्वच्छ पाणी हें साध्य. जेथें कारखान्यांचें पाणी येतें तेथें तर ही वनस्पति शिसें, कॅडमियम यांसारखे जड धातु मुळांत शोषून घेते. तेथील माल पारखल्यावांचून ना खतास घ्यावा, ना गुरांस घालावा.

तर मग आपण काय करावें? चामड्याचा उद्योग उभारणें हें प्रयोगशाळांचें व भांडवलवाल्यांचें काम. तें त्यांनीं करावें आणि आपल्या मुलामुलींनीं ती विद्या जरूर शिकावी. परंतु सांडपाण्याची नळी बावखलाकडून वळविण्यास कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाहीं. फुलांचें बीं गाळांत पडण्यापूर्वीं तण काढावें, चांगल्या पाण्यांतील तणाचें खत करावें आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घाण झालें म्हणून बावखल मातीनें बुजवूं नये. पावसाचें पाणी त्यांत मुरतें म्हणून शेजारच्या विहिरी गोड्या राहतात. बुजविलेलें बावखल पुन्हां कोणी खणीत नाहीं.

बंधुभगिनींनो, महोत्सवाची कल्पना आपणांस पवित्र शास्त्रांतील योबेल वर्षापासून मिळाली. पन्नासाव्या वर्षीं शिंग फुंकलें जाई, दास मुक्त होत, गेलेली जमीन मूळ कुटुंबास परत मिळे आणि शेतास विसांवा मिळे. योबेल हा मनुष्यांचा तसाच भूमीचाही सण होता. पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत पृथ्वीस आपणां सर्वांचें घर म्हणून तिची काळजी घेण्यास सांगितलें, तें याच परंपरेंतलें. आपल्या धर्मग्रामास पन्नास वर्षें झालीं. देवळास नवा रंग दिला, घंटेस नवा दोर लावला. आतां देवळामागच्या पाण्यासही त्याचा योबेल मिळूं द्या. पुढच्या महोत्सवास येणाऱ्या आपल्या नातवंडांस त्या पाण्यांत देवळाच्या मनोऱ्याचें प्रतिबिंब दिसावें, एवढीच प्रार्थना परमेश्वरचरणीं करून आम्ही आपली रजा घेतों.